तोंडी यादी

मुलीच्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं, त्याला अकरा महिने झाले होते. पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात होतं. रोज हात त्या खंडापाशी जाई आणि दुसराच खंड घेऊन परत येई.

पत्राआधी एक पाकीट आलं होतं. बिननावाचं, दाराच्या फटीतून सरकवलेलं. आत मोबाईलवरच्या मेसेजांचे छापील कागद. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली. वाचायच्या आधीच हात पेन्सिलीकडे गेला. एक वेलांटी दुरुस्त करून झाली, आणि दुसऱ्या ओळीवर तो थांबला. हे एका बाईनं एका पुरुषाला लिहिलं होतं, फक्त त्याच्यासाठी. खाली फोटो होता. फोटोत चेहरा नव्हता. पण मागच्या फळीवर हिरव्या कापडी बांधणीचे चार शब्दकोश होते. मुलीला नोकरी लागली तेव्हा त्यानंच ते बांधून घेऊन तिला दिले होते. त्यानं कागद पालथा घातला.

मुलगी छत्तीस वर्षांची, प्रयोगशाळेत कामाला, तोलूनमापून बोलणारी. आठवड्यानं तिचं पत्र आलं. त्यात तिनं काहीच लपवलं नव्हतं. तिचा मित्र दीड वर्ष दुसऱ्या शहरात होता, आणि त्या मेसेजांमुळे ते दीड वर्ष निभावलं. आपल्याला काय आवडतं ते सांगता येतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. त्याची लाज वाटत नाही, असं तिनं सरळ लिहिलं होतं. विचारल्याशिवाय पाठवायचं नाही, चेहरा येऊ द्यायचा नाही, वाचून झालं की पुसायचं, असं दोघांचं ठरलं होतं. तिनं पुसलं. त्यानं जपून ठेवलं, आणि भांडणबिंडण काही नसताना, नुसतं मिरवायला, मित्रांना दाखवलं. तिथून ते तिच्या ऑफिसात पोचलं. तक्रार तिनं केली. बदलीही तिचीच झाली.

शेवटी लिहिलं होतं, ‘बाबा, इथे सगळे म्हणतात, पुरुष दाखवणारच, चूक लिहिणारीची. आईला लिहायचा कंटाळा होता, म्हणजे हे विचारण्यात तसा अर्थ नाही. पण तिनं असं काही लिहिलं असतं, तर तुम्ही कुणाला दाखवलं असतंत का? एवढंच सांगा.’

नाही, एवढा एक शब्द लिहिला की झालं असतं. तेवढाच त्याला लिहिता येत नव्हता. फोनवर तर त्याला कधीच धड बोलता आलं नव्हतं.

मंगळवारी बहिणीचा फोन आला. पोरीनं शेवटी तक्रार मागे घ्यायचं ठरवलंय, पुढच्या आठवड्यात जाऊन सही करणार, बरं झालं, चार माणसांत शोभा टळली, असं ती बराच वेळ सांगत राहिली.

“दादा, तुझ्यासारखा देवमाणूस सगळ्यांनाच मिळतो थोडाच,” ती म्हणाली. “वहिनीला सामानाची यादीसुद्धा कधी लिहावी लागली नाही. ती दारात उभी राहून सांगायची, तू लिहून घ्यायचास.”

“तिला लिहिता यायचं,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

फोन ठेवल्यावर त्याला दवाखान्यातली दुपार आठवली. शेवटच्या आजारात बायकोचा घसा पार बंद झाला होता. नर्सनं तिच्या हातात वही आणि पेन दिलं. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, वही बाजूला सारली आणि बोटांनी पाणी मागितलं.

तो टेबलाशी बसला. उत्तर तीन पानं झालं. मग त्यानं लाल पेन घेतलं. ‘त्या काळी’ कापलं. ‘माझं वय पाहता’ कापलं. ‘गंमत म्हणून’ दोनदा कापावं लागलं, कारण दुसऱ्यांदा ते आपोआपच आलं होतं. क्षमेचा परिच्छेद त्यानं पुन्हा वाचला. भाषा चांगली साधली होती. तोही कापला.

उरलेलं त्यानं कोऱ्या कागदावर उतरवलं, शुद्धलेखन तपासलं, आणि चप्पल घालून भर उन्हात कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेला. पाकीट अर्धं आत गेल्यावरही त्यानं कडा धरून ठेवली होती. मागे एक बाई आपलं पाकीट घेऊन उभी होती. “टाकताय ना, आजोबा?” तिनं विचारलं. त्यानं बोटं सोडली.

पत्रात तीन वाक्यं होती. ‘तक्रार मागे घेऊ नकोस. तुझ्या आईला लिहायचा कंटाळा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं मला लिहिलं होतं, आणि मी ते छापखान्यात चौघांना वाचून दाखवलं होतं.’