डब्यात मावतील तेवढेच

"हा थोरला. ठेव," आई म्हणाली. "हा तू. टाक."

तिच्या मुलानं, चष्मेवाल्यानं, एक फोटो पत्र्याच्या डब्यात ठेवला, दुसरा फरशीवरच्या ढिगावर टाकला. सकाळपासून हेच चाललं होतं. आई आता ताईकडे राहायला जाणार होती. ताईचं घर म्हणजे काडेपेटी. तिनं निक्षून सांगितलं होतं, फोटोंचा एकच डबा आण.

जुळी पोरं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. थोरला दहा मिनिटांनी मोठा, एवढाच काय तो फरक. नऊ वर्षांचे असताना दोघं नदीवर पोहायला गेले आणि एकच परत आला. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली होती.

तेव्हापासून थोरल्याची आठवण काढल्याशिवाय आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता. चष्मेवाल्यानं लग्न केलं नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, रविवारी आईकडे यायचं आणि थोरल्याबद्दल ऐकायचं. बाकी चार भिंती.

"माझे सगळेच टाकायचे?" त्यानं विचारलं.

"तू आहेस की समोर, चांगला धडधाकट. त्याचं माझ्याकडे दुसरं काय उरलंय?"

त्यानं पुढचा फोटो उचलला. सायकलवर एक पोरगा, दोन्ही हात सोडून. आईला हसू आलं.

"हा तूच. थोरल्याला कुठं जमायचं असलं! तो आपला भित्रा, सारखा माझ्यामागे लपणारा. तू मात्र नुसता वारा प्यायलेला. पुढे सायकल का सोडलीस रे?"

"सुटली."

फोटो ढिगावर गेला.

दुपारी डब्याचं झाकण लागलं. चष्मेवाल्यानं फरशीवरचा ढीग गोळा केला आणि कचऱ्यात न टाकता आपल्या पिशवीत भरला.

"स्वतःचेच फोटो घरी नेतोय! पन्नाशी उलटल्यावर हौस बघा."

"असू देत," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं आतून कडी लावली. सायकलवरचा फोटो रुमालानं पुसला, टेबलावर उभा केला आणि समोर खुर्ची ओढून बसला.

"धाकट्या," तो म्हणाला, "त्या दिवशी नदीवरून आलो तेव्हा तुझं नाव घेऊन आईनं मला कवटाळलं, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही रे."