भत्त्याआधीचं पत्र

अपंग भत्ता जमा व्हायच्या आधी हे पत्र बँकेत पोचलं, तर खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टच्या कर्जापोटी त्यातली एक पेनीही कापता येणार नाही, असं सल्लाकेंद्रातल्या माणसानं ग्लेनिसला बजावलं होतं. हा पैसा भाड्याचा, विजेचा, पोटाचा, असं तिनं त्यात तीन दिवस खपून लिहिलं. भत्ता सोमवारचा, म्हणून शुक्रवारीच ती कुबडी टेकत बँकेच्या खिडकीशी आली. पलीकडे तिच्याच गल्लीतली मेगन होती. “मावशी, सोमवारी सुट्टी ना? म्हणून भत्ता आज पहाटेच जमा झाला.” “मग दे की.” “ओव्हरड्राफ्टनं गिळला सगळा.” एरवी सुट्टीपायी भत्ता लवकर आला की ग्लेनिस खुशीत तळलेले मासे आणायची, या वेळी सुट्टीच विसरली. “पत्र पोचल्याचा शिक्का तरी मार, पोरी.” मेगननं आजच्या तारखेचा मारला. ग्लेनिसनं फुंकर घालून शाई वाळवली, पत्र जपून पर्समध्ये ठेवलं.