रुधिरसेनाची बायको

चार भागांत मिळून चारच वाक्यं बोललेल्या बाईला आज अख्खं पुस्तक बोलायचं होतं, आणि ती तोंड उघडायला तयार नव्हती. बबनराव तासभर पेन उघडून बसले होते. कागदावर एवढंच उमटलं होतं : ‘मी रुधिरसेनाची बायको.’ पुढे काही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

रुधिरसेन हा बबनरावांच्या भयकथामालिकेतला रक्तपिपासू. संसार राजूरकडच्या एका बंद खाणीत, झोपायचा मात्र कापसाच्या गंजीत. बबनराव कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे गंजीचं वर्णन त्यांनी जीव ओतून केलं होतं. खाणीत कापूस कुठून आला, हे कोणीच विचारलं नाही. रुधिरसेनाची बायको प्रत्येक भागात एकदा दारात यायची, ‘दिवा लावू का?’ म्हणायची आणि आत जायची. वाचक खूश होते. मारेगावच्या बसस्टँडवरचा पुस्तकवाला चौथा भाग सगळ्यांत पुढे मांडायचा.

घोळ घातला तो अब्रारनं. त्याचं गॅरेज बबनरावांच्या भिंतीला लागून. ग्रीसच्या बोटांनी पानं दुमडत चारही भाग वाचलेला, असा खरा वाचक. एक दिवस त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, “काका, एक बात सांगा. घरातल्या माणसानं नावानं हाक मारली की रुधिरसेनाची राख होते, असं तुमीच लिवलं ना? मंग बायको तं घरातच हाय. तिनं एवढ्या वर्षांत एकदाबी नाव नाही घेतलं, असं कसं?”

बबनरावांच्या बशीत चहा सांडला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रश्न गावभर झाला. यवतमाळच्या छापखान्याचे रामलालजी म्हणाले, पाचवा भाग राहू द्या. आधी बायकोच्या तोंडून एक छोटं पुस्तक लिहा आणि तिनं नाव का घेतलं नाही ते सांगा. नाही जमलं, तर मालिका इथंच बंद. संध्याकाळी ते फोन करणार होते. म्हातारपणी एवढं एकच काम बबनरावांना मनापासून जमलं होतं, आणि तेही आता जाणार होतं.

आतून विमलताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची हाक आली.

“हं,” बबनराव म्हणाले.

बाई नाव का घेत नसेल? विसरली? नवऱ्याचं नाव कोण विसरतं! नवऱ्याला भिते? मग तर आधी घेईल. पुन्हा हाक आली. “हं.” मुकी आहे म्हणावं, तर दिवा लावू का म्हणून विचारते. तिसरी हाक जरा मोठी होती.

“हं, हं.”

मग विमलताईच बाहेर आल्या. दोन्ही हात कणकेनं भरलेले. बबनरावांच्या डोक्यावरचं बटन त्यांनी कोपरानं बंद केलं. तेव्हा कुठे बबनरावांना कळलं, की पाण्याची मोटर चालू होती, टाकी कधीच भरली होती आणि गच्चीवरचं पाणी धो धो गॅरेजच्या टिनांवर कोसळत होतं.

“काकू, पानी!” भिंतीपलीकडून अब्रार ओरडला.

“बंद केली रे बाबा!” विमलताईंनी उत्तर दिलं. “आमच्या घरच्यायचं ध्यान नव्हतं!”

बबनराव ताडकन उठले. आमच्या घरचे! एवढी सोपी गोष्ट! नवऱ्याचं नाव घेतंय कोण? ते पुन्हा बसले आणि पेन सरसर चालू लागलं. पान भरल्यावर त्यांनी विमलताईंना समोर उभं करून वाचून दाखवलं. ‘आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्याच्या वेळीसुद्धा मी पदरात तोंड लपवलं. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. माझी मर्यादा हीच त्याची अमरता.’ शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. आता मारेगावपासून फुलसावंगीपर्यंत एकही वाचक बोट ठेवू शकणार नव्हता.

“तुह्यावरूनच सुचलं,” ते प्रेमानं म्हणाले. “इतकी वर्षं झाली लग्नाले, पण तू कधी तोंडातून माह्यं नाव नाही काढलं.”

“कोणं सांगतलं?” विमलताई म्हणाल्या. “लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काढलं. दूध उतू जाऊन राह्यलं व्हतं अन् तुमी पेपरात. म्या म्हटलं, ‘बबन!’ म्हटलं अन् मलेच धस्स झालं.”

“मंग?”

“मंग काही नाही. तुमी पेपरातून मानबी वर नाही केली. लय वाईट वाटलं. मंग सवय झाली. आत्ताबी मोटरसाठी तिसऱ्या खेपेले तेच म्हटलं. चांगलं मोठ्यानं.”

बबनरावांनी पेन खाली ठेवलं. “आत्ता? मंग मी काय म्हटलं?”

“‘हं, हं’ म्हटलं,” विमलताई आत जाता जाता म्हणाल्या. “तुमची ती बाईबी बिचारी रोज नाव घेत असन हो. पण राख व्हाले आंधी त्यानं आयकाले तं पाह्यजे!”