थांबू नका, काका

"त्यांना गादीवरून खाली घ्या. पाठ कडक जमिनीला टेकली पाहिजे," मास्तरीणबाई फोनवर म्हणाल्या.

पलीकडून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग म्हातारा धापा टाकत म्हणाला, "घेतलं. ही काही बोलतच नाही हो. श्वासही दिसत नाही."

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घ्यायच्या त्या खोलीत बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. अठरा वर्षं त्यांनी नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवली होती. बरगड्यांचा पिंजरा त्या फळ्याकडे न बघता काढत. गाडी निघाली होती, पण पोचायला अकरा मिनिटं लागणार होती आणि मेंदू प्राणवायूवाचून चार-पाच मिनिटांच्या वर तग धरत नाही. हे वाक्य त्यांनी शेकडो मुलींकडून घोकून घेतलं होतं.

त्यांनी काकांना दाराची कडी काढून यायला सांगितलं, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायला सांगितला. घरात आणखी कोणी आहे का, असंही विचारलं. कोणी नव्हतं. दोघंच राहत होती. पुढच्या खोलीत काकांचं शिवणकाम चाले.

"हृदय डावीकडे ना?" काकांनी विचारलं.

"जवळजवळ मधोमध. छातीच्या चपट्या हाडामागे. तुम्ही शिंपी आहात ना? मग बटणपट्टी डोळ्यांसमोर आणा. तिसरं बटण आणि चौथं बटण, त्यांच्या मध्ये तळहात. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ. दोन इंच खाली दाबायचं आणि सोडायचं."

"दोन इंच," काका माप लिहून घ्यावं तसं म्हणाले.

बाई आकडे मोजू लागल्या. काकाही मोजू लागले. दुसऱ्या मिनिटाला कट् असा आवाज आला आणि काकांचे आकडे थांबले. बरगडी असेल, बरगडी नंतर जुळते, असं बाईंनी सांगितलं. आकडे पुन्हा सुरू झाले.

पाचव्या मिनिटाला ते म्हणाले की घामाने हात सटकतोय, मळमळतंय. भीतीने होतं तसं, बाई म्हणाल्या, हात सदऱ्याला पुसा. टेबलाभोवती आता तिघे-चौघे येऊन उभे राहिले होते. 

"डावा हात बधिर झालाय, ताई. खांद्यापासून."

स्नायूंना प्राणवायू पुरेनासा झाला की ते ठणकतात. दमलेल्या हाताची गोष्ट बाईंनी दर वर्षी शिकवली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अजून चार मिनिटं.

"सगळ्यांचेच हात भरून येतात. आत्ता तुमचे हात हेच त्यांचं हृदय आहे. थांबू नका, काका."

"नाही थांबत."

त्यांचे आकडे मागे पडू लागले. बाईंनी आवाज चढवला. एकवीस, बावीस, तेवीस. पलीकडून आता आकडे नव्हते, नुसता हुंकार होता, पण तो तालात होता.

दहावं मिनिट सरत आलं तेव्हा हुंकार थांबला.

"श्वास घेतला हिने," काका अगदी हळू म्हणाले. "ताई, ही श्वास घेतेय."

मग फोन कशाखाली तरी दबल्यासारखी खरखर झाली. एका बाईचं कण्हणं ऐकू आलं. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं, पुरुषांचे आवाज आले आणि फोन तुटला.

खोलीतल्या लोकांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी बाईंच्या खांद्यावर थोपटलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. एवढं झाल्यावर माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे त्यांनी पुष्कळदा अनुभवलं होतं.

चार मिनिटांनी गाडीवरच्या डॉक्टरांचा फोन आला. काकूंची नाडी चांगली लागतेय, डोळे उघडलेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांनाही धाप लागली होती.

"डॉक्टर, जरा काकांना फोन देता?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यांना शाबासकी द्यायचीय."

"दुसरी गाडी पाठवा आधी," डॉक्टर म्हणाले. "मी आल्यापासून त्यांचीच छाती दाबतोय."