यादीत नसलेली नोट

“ही रद्दी आहे, भागुबाई,” गंगाधर म्हणाले आणि नोट टेबलावर टाकली. ती पुन्हा उचलावीशी वाटू नये, म्हणून हात मांडीखाली दाबून बसले.

चांदवडहून एसटीने शहरात उतरून, पत्ता विचारत विचारत बाई त्यांच्या घरी आली होती. गेलेल्या नवऱ्याच्या पेटीत सापडलेली, एक रुपयाची जुनी नोट. पण तिच्यावरचं नंबराशेजारचं छोटं इंग्रजी अक्षर आणि खालची सही, ही जोडी कुठल्याच पुस्तकात नोंदलेली नव्हती! बँकेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं गंगाधर अशाच, यादीत नसलेल्या नोटांचा कॅटलॉग करत होते. अशी नोट त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिली नव्हती.

“काहीच किंमत नाय का साहेब?”

“एवढ्या लांबून आलात, म्हणून शंभर देतो.”

“तुमी जानते. तुमी म्हनता तर रद्दीच आसंल,” बाई म्हणाली आणि शंभर घेऊन, चहा पिऊन गेली.

झालं! कॅटलॉगात नोंद पडली. ज्ञात प्रत एकच, शोध गंगाधर यांचा.

“केवढ्याला घेतलीत हो?” लतिकाबाईंनी सहज विचारलं, तर हा गृहस्थ सख्ख्या बायकोशी चक्क खोटं बोलला. मग मात्र घास उतरेना. कॅशवर असताना ज्याने कुणाची फाटकी नोटसुद्धा कधी नाकारली नाही, त्याने एका बाईला दिवसाढवळ्या लुबाडावं? शी! आरशात बघायची लाज वाटायला लागली. आठवडाभर हेच चाललं. शेवटी कॅटलॉग छापायला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नोंदीतलं आपलं नाव खोडलं, तिथे भागुबाईचं लिहिलं, नोट खिशात घातली आणि चांदवडची एसटी धरली.

बाई अंगणात कांदा निवडत होती.

“भागुबाई, मी खोटं बोललो तुमच्याशी,” गंगाधर खिशातून नोट काढत उभ्याउभ्याच म्हणाले. “तोंड दाखवायची लाज वाटतेय. ही रद्दी नाही. लाखाच्या घरात जाईल. हिच्यासारखी दुसरी नाही कुठे, म्हणून. घ्या तुमची तुम्हाला.”

बाईने हातातला कांदा खाली ठेवला.

“दुसरी नाय कशी? कांदा इकायचा तर आपन आधी वानगी दावतो ना, तशी एक आनली व्हती तुमाला दावायला. अख्खं पुडकं व्हतं, शंभर नोटांचं. समद्या आशाच.”

“कुठंय?” गंगाधरांनी अंगणातूनच घरात डोकावून पाहिलं.

“तुमीच रद्दी म्हनले ना! त्याच दिशी बंबात घातलं, पानी तापवाया.” बाईने पदर तोंडाला लावला. रडता रडता म्हणाली, “आता ही एकच ऱ्हायली म्हना.”

एकच. खरोखरची एकच!

डोळे पुसून बाईने हात पुढे केला, तोवर नोट परत गंगाधरांच्या खिशात गेली होती.