गॅलरीतली वाफ

"धूर येतोय," सासरे म्हणाले. "काल सांगितलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. घर पेटल्यावर घ्याल."

दारात सफाईवाला गोण्या घेऊन उभा होता. गॅलरीतला निळा ड्रम आज रिकामा करून न्यायला त्यांनीच त्याला बोलावलं होतं. सून ड्रमचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. पाच महिन्यांत तिचं खत तीनदा फसलं होतं. एकदा चिखल झाला, एकदा अळ्या पडल्या, एकदा नुसतंच सुकलं. देठं, साली, चहाचा चोथा आणि सुताराकडून मागून आणलेला भुसा, असं हे चौथं.

"बाबा, तो धूर नाही. वाफ आहे."

सासऱ्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात बॉयलर चालवला होता. असं त्यांना त्यांच्या साहेबानेही कधी ऐकवलं नव्हतं.

"वाफ मला तू शिकवणार?"

"शिकवत नाही. बघा म्हणते."

"खाली जाळ कुठाय?"

"जाळ लागत नाही. कुजताना आपोआप तापतं."

"कुजून तापत असतं तर आम्ही कोळसा कशाला ओढला असता?"

सफाईवाला हसला. ती हसली नाही. ड्रमसमोरून बाजूलाही झाली नाही.

सासरे वाकले, आत डोकावले. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. काही दिसत नसताना ते क्षणभर तसेच थांबले. मग चष्मा काढला, काचेवरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. काजळी नव्हती. पाणी होतं.

तिने लांब दांड्याचा थर्मामीटर पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला, बाही कोपराच्या वर चढवली आणि हात मनगटापर्यंत आत खुपसला. हात झटकन बाहेर आला.

"साठ," ते म्हणाले.

"सकाळी एकसष्ट होतं."

"झाकण उघडं टाकून गप्पा मारल्यावर उतरणारच." त्यांनी तिच्या हातातून झाकण घेतलं आणि स्वतः बसवलं.

"काका, मग नेऊ ना?" सफाईवाल्याने विचारलं.

"काय नेतोस? चालू बॉयलर कुणी उचलून नेतं का?"

तो गोण्यांची घडी करत जिना उतरला. सासरे आत गेले नाहीत, हात धुवायचंही त्यांना सुचलं नाही. ड्रमभोवती फिरायला जागा नव्हती, म्हणून आधी या बाजूने वाकून बघितलं, मग त्या बाजूने.

"हवा?"

"खालून. भोकं मी पाडलीत, सळई तापवून."

"पाणी?"

"मुठीत पिळलं की एखाददुसरा थेंब. त्याहून जास्त नको."

"ढवळलं कधी?"

"परवा सकाळी. आता उद्या."

शिफ्ट बदलताना येणारा ऑपरेटर जाणाऱ्याचं ऐकून घेतो, तसे ते हात पाठीशी बांधून ऐकत होते. तिचं सांगून झालं तरी जागचे हलले नाहीत.

"आणि तू झोपतेस तेव्हा," त्यांनी विचारलं, "याच्याकडे कोण बघतं?"