लांबलेलं प्रवचन

फादर प्रवचनाला उभे राहिले की अर्धं गाव पेंगायचं. पण लढाई पेटल्यापासून त्या प्रवचनाला भाव आला होता. रविवारची प्रार्थना संपल्याची घंटा वाजेपर्यंत गोळी झाडायची नाही, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं, आणि तेवढ्या वेळात सिस्टर चर्चच्या मागच्या दाराशी पीठ वाटायच्या.

आज रांग काही संपेना. सिस्टरनी दारातूनच हाताने खूण केली, "ताणा अजून." मग फादर नोहाच्या तारवात हत्तीपासून मुंगीपर्यंत एकेक प्राणी चढवत चांगले दोन तास बोलले.

संध्याकाळी दोन्ही छावण्यांतून एकेक चिठ्ठी आली, तेव्हा मात्र त्यांचं धाबं दणाणलं. मजकूर एकच होता.


"फादर, पुढच्या रविवारी आणखी थोडं बोला. धुणं वाळायला तीन तास लागतात."